पेंडीचे ताटाबाहेरचे उपयोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात पेंडीचा व्यापार करताना गिऱ्हाईक भावाखालोखाल जे प्रश्न विचारते, ते येथे एकत्र केले आहेत. माणसाच्या खाण्यात येणाऱ्या सोयापिठासारख्या पदार्थांचा विचार येथे केलेला नाही. पेंड गोठ्यात, शेतात, तळ्यात, कारखान्यात आणि भट्टीत कशी वापरली जाते, आणि त्या वापराचा देशाच्या व्यवहाराशी काय संबंध आहे, एवढाच या पानाचा विषय आहे.

पेंड म्हणजे नेमके काय? घाण्याची पेंड, एक्स्पेलरची पेंड आणि डीओसी यांत फरक काय?

तेलबियांतून तेल काढल्यावर जो घट्ट चोथा उरतो ती पेंड. विदर्भात तिलाच ढेप म्हणतात, त्यामुळे अकोल्याचा व्यापारी सरकीच्या ढेपेचा भाव सांगतो तेव्हा तो आपल्या सरकी पेंडीचाच भाव असतो. तेल काढण्याच्या पद्धतीप्रमाणे पेंडीत राहणारे तेल बदलते. लाकडी घाण्याच्या पेंडीत दहा टक्क्यांच्या आसपास तेल राहते, एक्स्पेलरच्या पेंडीत साधारण 6 ते 8 टक्के, आणि हेक्झेन या पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या द्रावकाने धुऊन काढलेल्या पेंडीत एक टक्क्याहूनही कमी. या शेवटच्या प्रकाराला बाजारात डीओसी म्हणतात. गोठ्यासाठी तेल राहिलेली पेंड लोकांना आवडते, कारण तिला वास असतो आणि म्हैस आंबोणाच्या पाटीत तोंड घालते. शेतासाठी मात्र तेल कमी असलेली पेंड बरी. तेलकट पेंड मातीत सावकाश कुजते आणि उरलेल्या तेलाचा पिकाला काही उपयोग होत नाही. म्हणून शेतासाठी पेंड मागणाऱ्याने "तेलकट द्या" असा आग्रह धरण्याचे कारण नाही.

जनावरांना घातलेली पेंड हा अन्नबाह्य उपयोग मानायचा का?

हिशेबाच्या सोयीसाठी आम्ही तसे मानतो, कारण ती माणसाच्या ताटात थेट येत नाही. पण गंगावेशीतील दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत पिळलेले दूध पेल्यात घेणाऱ्या माणसाला हा भेद पटणार नाही. त्या पेल्यातील प्रथिनांचा मोठा भाग आदल्या रात्री भिजत घातलेल्या सरकी पेंडीतून आलेला असतो. देशात पेंडीचा सर्वांत मोठा ग्राहक गोठा आणि कुक्कुटपालन हाच आहे, आणि बाकीचे सगळे उपयोग या मागणीच्या सावलीत चालतात. पुढची उत्तरे वाचताना हे ध्यानात असावे.

शेंगपेंड शेतात घातली तर पीक जोमदार येते. मग तुम्ही ती खत म्हणून घेऊ नका असे का सांगता?

पीक जोमदार येते, यात वाद नाही. प्रश्न पैशाचा आणि प्रथिनांचा आहे. शंभर किलो शेंगपेंडीत, म्हणजे भुईमुगाच्या पेंडीत, सुमारे 7 किलो नत्र असते. तेवढेच नत्र 15 किलो युरियात मिळते, आणि 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळत असल्यामुळे त्या 15 किलोची किंमत नव्वद रुपयांच्या आत राहते. शंभर किलो शेंगपेंडीला मात्र काही हजार रुपये मोजावे लागतात. पेंडीतील नत्र सावकाश सुटते, तिच्यात स्फुरद आणि पालाशही थोडा असतो, मातीतील जिवाणूंना ती खाद्य पुरवते, हे सगळे जमेस धरले तरी एवढा फरक भरून निघत नाही. युरियाची किंमत सरकारी अनुदानामुळे कमी आहे, हेही खरे. पण शेतकऱ्याच्या खिशातून जाते ती रक्कम हीच.

त्याहून चांगला मार्ग आपल्या आज्यांना माहीत होता. तीच पेंड म्हशीला घातली तर तिच्या पोटात गेलेल्या नत्रापैकी साधारण चौथा हिस्सा दुधात जातो आणि उरलेला शेण आणि मूत यांतून परत मिळतो. म्हणजे एकाच पेंडीतून दूधही मिळते आणि खतही. अट एकच की मूत वाया जाऊ देता कामा नये, कारण परत मिळणाऱ्या नत्राचा मोठा भाग मुतात असतो. आपल्या बहुतेक गोठ्यांत ते फरशीवरून गटारात जाते. शेतात शेंगपेंड विस्कटायची तयारी असलेल्या माणसाने आधी गोठ्यातून उकिरड्यापर्यंत एक पन्हाळी काढावी, हा आमचा सल्ला आमच्याच धंद्याविरुद्ध जातो, पण तो खरा आहे.

शेंगपेंडीची स्लरी करतो, तीही बंद करायची का?

नाही. दोन-चार किलो पेंड, काळा गूळ, शेण आणि गोमूत्र यांची आंबवण करून ती पाण्याबरोबर सोडताना पेंड फार थोडी लागते, आणि तिचे काम नत्र पुरवण्यापेक्षा जिवाणू वाढवण्याचे असते. एवढी पेंड गोठ्यातून काढली तर म्हैस तक्रार करणार नाही. पण शेंगपेंडच हवी असे नाही; खाण्याला अयोग्य ठरलेली जुनी पेंडही चालते.

मग शेतासाठी कोणती पेंड घ्यावी?

जी जनावर खाऊ शकत नाही किंवा जी जनावराला घालू नये, ती. एरंड, निंबोळी, करंज आणि मोह या चार पेंडी या वर्गात येतात. त्यांतील नत्राचे प्रमाण सर्वसाधारणपणे असे धरतात : निंबोळी पेंडीत 5 टक्क्यांच्या थोडे वर, एरंडीत 4 टक्क्यांच्या पुढे, करंजात 4 टक्क्यांच्या जवळपास आणि मोहात अडीच टक्के. स्फुरद आणि पालाश सगळ्यांतच एक ते दोन टक्क्यांच्या आसपास असतात. करंज आपल्याकडे ओढ्याकाठी आणि नदीकाठी मुबलक आहे, पण शेंगा गोळा करायला माणूस मिळत नाही, म्हणून बाजारात येणारी करंज पेंड बहुतेक बाहेरून येते.

पेंड कुजायला वेळ लागतो. ती लागणीच्या वेळी सरीत, मातीआड, पुरेशा ओलीवर पडली पाहिजे. उभ्या पिकात कोरड्या मातीवर वरून फेकलेली पेंड मुंग्यांना उपयोगी पडते.

आडसाली उसाचे सगळे नत्र पेंडीतून देता येईल का?

हिशेब करून पाहावा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची आडसाली उसासाठीची (पावसाळ्यात लावून सुमारे दीड वर्षाने तुटणाऱ्या उसासाठीची) शिफारस हेक्टरी 400 किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी 160 किलो. एरंडीच्या पेंडीत 4.3 टक्के नत्र धरले तर त्यासाठी एकरी सुमारे 3,700 किलो पेंड लागेल, म्हणजे 50 किलोच्या 74 गोण्या. हेच नत्र युरियाच्या आठ गोण्यांत बसते. शिरोळ, हातकणंगले, करवीर आणि कागल तालुक्यांत ऊस किती आहे हे डोळ्यांपुढे आणले, की या हिशेबाने पेंड पुरवणे व्यवहारात जमणारे नाही हे लक्षात येते. त्यामुळे पेंड हे युरियाला जोड देण्याचे खत आहे. एकरी चार-सहा गोण्या पेंड, भरपूर शेणखत किंवा साखर कारखान्याची मळी (प्रेसमड), आणि उरलेले नत्र हप्त्याहप्त्याने, अशी वाटणी व्यवहाराला धरून होते. शिरोळच्या क्षारपड जमिनीत पेंडीने क्षार जातील अशी आशा कोणी धरू नये. तेथे आधी पाण्याचा निचरा करावा लागतो.

निंबोळी पेंड युरियात मिसळण्याचा फायदा काय, आणि आता युरिया कडुनिंब लावूनच येतो, मग पेंडीची गरज काय?

हा या पानावरील सर्वांत चांगला प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. युरिया जमिनीत पडला की त्याचा आधी अमोनिया होतो आणि मग मातीतील काही जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरते, आणि पाणी साचून राहिले तर वायूरूपाने उडून जाते. आपल्या पाटपाण्याच्या उसात हे दोन्ही नुकसान होते. कडुनिंबाच्या बियांतील कडू द्रव्ये नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचा वेग कमी करतात, त्यामुळे नत्र अमोनियाच्या रूपात अधिक दिवस मुळांजवळ टिकते. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत 1970च्या दशकापासून या गुणावर काम झाले, आणि 2015 मध्ये केंद्र सरकारने देशात तयार होणारा सगळा युरिया कडुनिंबलेपित असावा असे बंधनकारक केले. अनुदानाचा युरिया प्लायवूडच्या सरसाकडे आणि इतर कारखान्यांकडे वळू नये, हाही त्या निर्णयामागचा एक हेतू होता.

आता उत्तराचा दुसरा भाग. गोणीतील युरियाला जो लेप असतो तो निंबोळी तेलाचा, आणि अगदी पातळ. पेंड मिसळल्याने नत्र रोखण्याचे काम थोडे वाढते, पण पेंडीचा खरा उपयोग तिच्या स्वतःच्या नत्रात, सेंद्रिय द्रव्यात आणि मुळांजवळच्या सूत्रकृमींवर (मुळांना लागणाऱ्या अगदी बारीक जंतांवर) होणाऱ्या परिणामात आहे. पूर्वी युरियाच्या पाचव्या हिश्शाइतकी पेंड मिसळून रात्रभर ठेवण्याची पद्धत होती. लेपित युरिया आल्यावर केवळ नत्र रोखण्यासाठी तो खटाटोप करण्याची गरज उरलेली नाही.

निंबोळी पेंडीने हुमणी मरते का?

मरत नाही. उसात हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, लागली की लोक घाईघाईने निंबोळी पेंड न्यायला येतात, आणि आम्हीही ती विकतो, म्हणून हे स्पष्ट लिहिणे आमचे कर्तव्य आहे. पेंडीने अळीला जमीन थोडी नकोशी होत असेल, पण मुळाशी बसलेली मोठी अळी तिने हटत नाही. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी बाभूळ आणि कडुनिंबावर येणारे भुंगेरे गोळा करून मारणे हा हुमणीवरचा पहिला उपाय आहे, आणि तो गावाने मिळून करावा लागतो. वांगी, टोमॅटो, हळद यांतील सूत्रकृमींवर मात्र निंबोळी पेंडीचा उपयोग होतो.

एरंडीची पेंड विषारी असते हे खरे आहे का?

खरे आहे. एरंडाच्या बीत रायसिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. चांगली उष्णता दिली तर ते निष्प्रभ होते, पण बाजारातील प्रत्येक गोणीला तेवढी उष्णता मिळालेली असेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. तिची धूळ काही लोकांना शिंका, दमा आणि अंगावर पित्त उठणे असा त्रास देते. आमच्या एका हमालाला एरंडीची गाडी उतरवली की डोळे लाल होऊन येत. त्याला आम्ही त्या कामातून कायमचे काढले आहे, आणि बाकीच्यांनी तोंडाला पंचा बांधल्याशिवाय गोणी फोडायची नाही असा नियम केला आहे.

घरच्या बागेत ही पेंड वापरणाऱ्यांनी अधिक सांभाळावे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडून नेलेली एरंडीची पेंड एका गृहस्थांनी हाडांच्या चुऱ्यात मिसळून गुलाबाच्या आळ्यात घातली. हाडांच्या वासाने शेजारच्या कुत्र्याने आळे उकरले आणि दोन दिवसांत ते दगावले. गोणी देताना आम्ही काही सांगितले नव्हते. तेव्हापासून एरंडीच्या प्रत्येक गोणीबरोबर आम्ही तोंडी सूचना देतो : हाडांच्या चुऱ्यात मिसळू नये, मातीआड करावी, आणि सरकी पेंडीच्या शेजारी ठेवू नये. जगातील सर्वाधिक एरंड भारतात पिकतो, त्यातही गुजरातेत, त्यामुळे ही पेंड पुढेही भरपूर येत राहणार आहे.

शेंगपेंडीला बुरशी आली. वाळवून जनावरांना घालता येईल का?

अजिबात घालू नये. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की कोंबड्या अचानक मेल्या. शोध घेतल्यावर त्यांच्या खाद्यातील ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड कारण ठरली, आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष जगाला कळले. ते उन्हात वाळवून किंवा शिजवून जात नाही, आणि म्हशीच्या पोटात गेले तर त्याचा अंश दुधात उतरतो. दुधासाठी त्याची कायदेशीर मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे, आणि गोळी पेंडीसारख्या तयार पशुखाद्यासाठी भारतीय मानक किलोला 20 मायक्रोग्रॅमचे आहे. बुरशीची पेंड खत म्हणून मातीआड करावी; शेंगपेंड शेतात घालण्याचे हे एक रास्त कारण आहे.

मोहाची पेंड मत्स्यशेतीवाले का नेतात?

तळ्यात मत्स्यबीज सोडण्याआधी मरळ, मागूर यांसारखे शिकारी मासे काढून टाकावे लागतात. मोहाच्या पेंडीतील सॅपोनिन माशांच्या रक्तपेशी फोडते. एक मीटर खोलीच्या तळ्याला हेक्टरी साधारण 2,500 किलो पेंड भिजवून सोडली की मासे वर येतात, ते विकताही येतात, आणि दोन-तीन आठवड्यांत विषाचा जोर ओसरून तीच पेंड तळ्याचे खत बनते. एका पैशात दोन कामे होणे यालाच म्हणतात. मात्र वाहत्या ओढ्यात किंवा नदीला जोडलेल्या चरीत ती कधीही टाकू नये.

पेंडीपासून कारखान्यात काही बनते का?

बनते, आणि एकेकाळी खूप बनत होते. अमेरिकेत 1920च्या दशकात सोयापेंडीच्या सरसाने प्लायवूड चिकटवले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात पर्सी ज्युलियन या रसायनशास्त्रज्ञाच्या सोयाप्रथिनावरील कामातून आग विझवण्याचा फेस तयार झाला. हेन्री फोर्ड यांनी सोयाबीनचे प्लास्टिक मोटारीसाठी वापरून पाहिले. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने तर भुईमुगाच्या प्रथिनापासून आर्डिल नावाचा लोकरीसारखा धागा काढला. त्याचा कारखाना स्कॉटलंडमध्ये डम्फ्रीस येथे 1951 पासून चालला आणि 1957 मध्ये बंद पडला. ओला झाला की धागा कमजोर होई, आणि तोवर नायलॉन व पॉलिएस्टर आले होते. इचलकरंजीच्या एका यंत्रमागधारकाला आम्ही ही हकिगत सांगितली तेव्हा त्याने गंभीरपणे विचारले, "धुतल्यावर मुंग्या लागत नव्हत्या का?"

खनिज तेलातून स्वस्त रसायने निघू लागल्यावर ही सगळी उत्पादने मागे पडली. आता नेहमीच्या सरसातून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइड या विषारी वायूच्या भीतीमुळे प्लायवूडसाठी सोयाचा सरस परदेशात पुन्हा वापरात आला आहे. आपल्या देशात हा उद्योग उभा राहायचा तर पेंड गोठ्याच्या भावात घेऊन तो चालला पाहिजे, आणि तेथेच घोडे अडते. कोंबडीखाद्याचा कारखाना जो भाव देतो तो सरसवाल्याला परवडत नाही.

पेंड जाळता येते का? बायोगॅसला चालते का?

वाळलेली पेंड चांगली जळते, पण जाळल्यावर तिच्यातील नत्र धुराबरोबर जाते, म्हणून विटा करून बॉयलरला घालण्यापेक्षा उसाचा बगॅस बरा. बायोगॅसचे तसे नाही. गॅस निघून गेल्यावरही नत्र स्लरीत राहते. ताज्या शेणाच्या एका किलोपासून सुमारे 40 लिटर गॅस मिळतो. शेण हा आधीच पचलेला चारा आहे, म्हणून न पचलेली पेंड त्याहून कितीतरी जास्त गॅस देते. मात्र ती थोडी थोडी घालावी. एकदम जास्त घातली तर संयंत्र आंबते आणि वायू निघायचा बंद होतो.

2003 नंतर जेव्हा पडीक जमिनीवर मोगली एरंड (जट्रोफा) लावून बायोडिझेल करण्याची मोहीम गाजत होती, तेव्हा तेलाचीच चर्चा झाली. बीचा दोनतृतीयांश भाग पेंड होणार, ती जनावराला चालत नाही, मग तिचे काय करायचे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. ती पेंड विकत घेणारा शोधून ठेवला असता तर त्या तेलाचा हिशेब थोडा तरी जमला असता.

आपण खाद्यतेल आयात करतो आणि पेंड निर्यात करतो, हे उलटे नाही का?

देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते, त्यात इंडोनेशिया आणि मलेशियाच्या पामतेलाचा वाटा मोठा आहे. दुसरीकडे सोया आणि मोहरीची डीओसी बाहेर जाते. हे उलटे दिसते खरे, पण सोयाबीनचा हिशेब पाहिला की उलगडते. शंभर किलो सोयाबीनमधून साधारण 18 किलो तेल आणि 80 किलोंच्या आसपास पेंड निघते. म्हणून सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंडीवर अधिक ठरतो.

कागल किंवा हातकणंगल्याच्या शेतकऱ्याला याचा अनुभव अलीकडेच दोन्ही बाजूंनी आला. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले, कुक्कुटपालक ओरडले, आणि सरकारने 12 लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. नंतर मक्यापासून इथेनॉल बनू लागले आणि त्याचा चोथा, ज्याला व्यापारात डीडीजीएस म्हणतात, स्वस्त कोंबडीखाद्य म्हणून बाजारात आला. सोयापेंडीची मागणी घटली, आणि 2024-25 च्या हंगामात 4,892 रुपये हमीभाव असताना बाजारात सोयाबीन त्याच्या खाली विकले गेले. इथेनॉलचे धोरण पेट्रोलसाठी आखले गेले आणि त्याची झळ सोयाबीनला लागली. पेंडीच्या बाजूने पाहिल्याशिवाय हे नाते दिसत नाही. अशाच रीतीने, दुधाचा खर्च वाढू नये म्हणून जुलै 2023 मध्ये तेलविरहित तांदळाच्या कोंड्याची निर्यात थांबवण्यात आली होती.

खताच्या पेंडीला परवाना किंवा कर लागतो का?

खत नियंत्रण आदेश, 1985 मध्ये अखाद्य पेंडीच्या खतासाठी वेगळी मानके आहेत. जीएसटीतही पशुखाद्य म्हणून जाणारी आणि इतर कामासाठी जाणारी पेंड यांत भेद आहे. म्हणून पावतीवर उपयोग लिहून घ्यावा.

निंबोळी पेंडीत भेसळ आहे हे घरी कसे ओळखावे?

काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चमचाभर पेंड ढवळावी आणि दहा मिनिटे ठेवावी. तळाशी वाळू किंवा मुरूम बसला तर गोणी परत करावी. दुसरी खूण चवीची. चिमूटभर पेंड जिभेच्या टोकाला लावून लगेच थुंकावी. खऱ्या निंबोळीचा कडवटपणा चूळ भरल्यावरही मागे राहतो. ही परीक्षा एरंडीच्या पेंडीवर कधीही करू नये. एकदा एका पुरवठादाराच्या गाडीतील गोण्यांचा वास बरोबर होता, रंगही बरोबर होता, पण वजन करताना आमच्या मापाड्याला गोणी आकाराच्या मानाने जड वाटली. ग्लासात टाकल्यावर तळाला बोटाच्या पेराएवढी वाळू बसली. त्या गाडीतील माल आम्ही उतरवून घेतला नाही, आणि तेव्हापासून वजनकाट्याशेजारच्या कोनाड्यात एक काचेचा ग्लास कायम ठेवलेला असतो. माल घेण्यापूर्वी तो मागून घ्यावा.